दोन माणसांचं टेबल

शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टर दवाखाना बंद करून घरी आले, तेव्हा कोपऱ्यावरचे हॉटेलवाले गॅरेजमध्ये पालथे पडून डॉक्टरांच्या गाडीखाली मापाचा टेप सरकवत होते आणि डॉक्टरांच्याच पत्नी त्यांना टॉर्च दाखवत होत्या.

"या, या डॉक्टरसाहेब," हॉटेलवाले खालूनच म्हणाले. "आमच्या दारातून आत जाते का, तेवढं बघतोय. नाहीच गेली तर मधून कापू."

 डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. 'काही होणार नाही, जरासं दुखेल' हे वाक्य दिवसातून वीस वेळा म्हणायची त्यांना सवय, पण त्या संध्याकाळी ते त्यांना स्वतःलाच म्हणता येईना.

गाडी अठ्ठावन्न वर्षांची होती. दोन जणांची, उघडी, कधीकाळी लाल. गावाबाहेरच्या ट्रॅकवर दर वर्षी जुन्या स्पोर्ट्स कारच्या हौशी चालकांची शर्यत भरत असे आणि डॉक्टर गेली नऊ वर्षं न चुकता तिच्यात उतरत. शर्यत मात्र त्यांनी एकदाही पूर्ण केली नव्हती. पहिल्या वर्षी पुढचं चाक निखळून पंधरा-वीस गाड्यांना मागे टाकत निघून गेलं. डॉक्टरांच्या गाडीचं काहीतरी आघाडीवर असण्याचा तो एकमेव प्रसंग. पुढच्या आठ वर्षांत तेवढंही जमलं नाही. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा तो शेवटचा झेंडा त्यांनी पाहिला तो फक्त दुसऱ्यांच्या फोटोत.

त्यांच्या पत्नी शाळेत मुख्याध्यापिका. शाळेत त्यांना सगळे बाई म्हणत आणि त्या समोर नसल्या की डॉक्टरही. नऊ वर्षं बाईंनी सहन केलं आणि यंदा फ्रिजवर एक कागद चिकटवला. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'यंदा शर्यत पूर्ण न झाल्यास गाडी विकण्यात येईल.' खाली तारीख आणि डॉक्टरांची सही. गिऱ्हाईकही बाईंनी आधीच शोधून ठेवलं होतं, ते हे हॉटेलवाले.

"इंजिन काढून टाकायचं," हॉटेलवाले कपडे झटकत उठले. "दोन सीटांच्या मध्ये काच बसवायची. झालं दोन माणसांचं टेबल! नवराबायको आत बसून कॉफी पितील. लोकांना असलं फार आवडतं."

"आणि इंजिनाच्या जागी?" डॉक्टरांनी कसंबसं विचारलं.

"तिथं काटे-चमचे ठेवू."

शनिवारी सकाळी ट्रॅकवर पोचल्या पोचल्या गाडीने पहिला हिसका दाखवला. डॉक्टरांनी किल्ली फिरवली, आतून एक सुस्कारा आला आणि पुन्हा शांतता. बरोबर आणलेल्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं, डोकं आत घातलं आणि बऱ्याच वेळाने बाहेर काढलं.

"साहेब, स्टार्टर जळालाय."

"नवा मिळेल?"

"मिळेल की. मंगळवारी."

"अरे, शर्यत उद्या आहे!"

"मग ढकलून चालू करायची आणि बंदच करायची नाही," मिस्त्री म्हणाला. त्याला आयुष्यात कशाचंच काही वाटत नसे.

ढकलून चालू केलेल्या गाडीतून डॉक्टर सरावाला गेले. तिसऱ्या वळणावर गाडीने स्वतःभोवती दीड गिरकी घेतली आणि ती बाजूच्या वाळूत उलट्या तोंडाने बसली. ट्रॅक्टरने ओढून बाहेर काढेपर्यंत सराव संपला होता. बावीस गाड्यांत त्यांना बाविसावी जागा मिळाली. संध्याकाळी मिस्त्रीने टाकी काठोकाठ भरली, तेवढंच काय ते त्या दिवसाचं भाग्य.

बाई मात्र दिवसभर कठड्याशी खुर्ची टाकून शर्यतीच्या नियमांचं पुस्तक वाचत होत्या. चाळीस पानं, हातात लाल पेन. त्यांनी अधोरेखित केलेलं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

"नियम अकरा. इंजिन चालू असताना पेट्रोल भरायचं नाही. नियम सतरा. गाडी बंद पडली तर चालकाने एकट्याने ढकलत रेषेपार नेली तरी चालेल. दुसऱ्या कोणाचं बोट जरी लागलं, तरी निकाल अपूर्ण. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मग नंतर कुरकुर नको. नियम म्हणजे नियम."

रविवारी अकराची शर्यत. दहाला मिस्त्रीने दोन माणसं गोळा करून गाडी उतारावरून ढकलली. ती खोकली, धूर ओकली आणि एकदाची चालू झाली. मात्र ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा सैल पडला की तिचा जीव जायला लागे. त्यामुळे डॉक्टर पाय दाबून बसले ते बसलेच.

पावणेअकराला भोंग्यावरून घोषणा झाली. आधीच्या शर्यतीत कोणाच्या तरी गाडीचं तेल रस्त्यावर सांडलं होतं. ते पुसून होईपर्यंत थांबा.

डॉक्टर थांबले. अर्धा तास झाला, तास झाला. पायाला मुंग्या आल्या, मग मुंग्याही कंटाळून गेल्या. हेल्मेटमधून घाम गळू लागला. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा त्यांनी काकुळतीने मान हलवली. एव्हाना त्यांना पाणी पिण्यापेक्षा अगदी उलट गोष्टीची गरज होती आणि गाडी सोडून जाणं शक्य नव्हतं. गाडीपाठोपाठ ट्रॅकवरही आलेल्या हॉटेलवाल्यांची मापं मागे चालूच होती. त्यांचा टेप आदल्या दिवशी वाळूत अडकून बिघडला होता, तरी त्यांचं काम थांबलं नव्हतं.

"मिस्त्री, पेट्रोल बघ रे किती उरलंय," डॉक्टर ओरडले.

गाडीचा पेट्रोलचा काटा गाडी घेतल्या दिवसापासून 'फुल' दाखवत असे. म्हणून डॉक्टर टाकीत एक लाकडी फूटपट्टी बुडवून अंदाज घेत. ती पट्टी बाईंच्याच शाळेतली, जुनी, जाड.

"पट्टी सापडत नाही साहेब. पण काटा फुल आहे."

"तो नऊ वर्षं फुलच आहे!"

"मग भरून टाकू?"

"नियम अकरा," कठड्यामागून बाई म्हणाल्या. "आधी इंजिन बंद करा."

इंजिन बंद केलं तर ते पुन्हा चालू होईल याची खात्री नाही, चालू ठेवलं तर पेट्रोल भरता येत नाही. डॉक्टर या कात्रीत असतानाच भोंगा वाजला आणि झेंडेवाल्याने गाड्या रांगेत बोलावल्या. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि ते निघाले.

दहा फेऱ्यांची शर्यत. पहिल्या तीन फेऱ्यांत पुढच्या एकवीस गाड्या दिसेनाशा झाल्या आणि पाचव्या फेरीपर्यंत त्यांतल्या बऱ्याच मागून येऊन पुन्हा पुढे गेल्या. पण सहाव्या फेरीत काहीतरी वेगळं घडलं. म्हणजे काहीच घडलं नाही. चाक निखळलं नाही, धूर निघाला नाही, तिसरं वळणसुद्धा सरळ पार पडलं. इंजिन एका सुरात गुणगुणत होतं. सातवी फेरी झाली, आठवी झाली. डॉक्टरांना हेल्मेटच्या आत हुंदका आला. हिच्यात काटे-चमचे ठेवणार? नाही, नाही ठेवू देणार.

दहाव्या फेरीचं शेवटचं वळण घेतलं आणि समोर तो झेंडा दिसला. फोटोत असतो तस्साच. त्याच क्षणी इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली.

रेषा ऐंशी पावलांवर होती. रस्ता चढाचा होता, तो त्यांच्या नशिबात सपाट कसा असणार!

डॉक्टर उतरले. दोन तास दाबून धरलेला पाय जमिनीवर टेकला आणि तो आपला आहे की दुसऱ्याचा हे त्यांना कळेना. तरी त्यांनी खांदा लावला. गाडी एक वीत सरकली. प्रेक्षक उभे राहिले. हॉटेलवाले मनाने चांगले. त्यांना राहवेना, ते कठडा ओलांडू लागले. बाईंनी मागून त्यांची पँट धरली.

"मागे व्हा! हात लावायचा नाही! नियम सतरा!"

पँट धरताना त्यांच्या हाताला मागच्या खिशात काहीतरी टणक लागलं. बाईंनी ते उपसून काढलं. फूटपट्टी! पेट्रोलचा वास येत होता.

"अहो वहिनी, सीटची रुंदी मोजायला घेतली होती... परत द्यायची राहिली."

 बाई पट्टी उगारून कठड्यापाशी उभ्या राहिल्या आणि मोठमोठी माणसं निमूट एका ओळीत मागे सरकली.

साठ पावलं. चाळीस. वीस. डॉक्टरांना आता श्वास पुरत नव्हता. रेषा दहा पावलांवर आली आणि त्यांचा तो मेलेला पाय घसरला. गाडी थबकली आणि सावकाश मागे यायला लागली. डॉक्टरांनी पाठ लावून ती कशीबशी थोपवली. त्यांनी हाक मारली नाही. फक्त एकदा कठड्याकडे बघितलं.

बाईंनी पट्टी टाकली. चपला काढल्या. खांद्याला पर्स तशीच, त्या कठड्यावरून आल्या आणि डॉक्टरांच्या शेजारी दोन्ही हात टेकून त्यांनी असा काही जोर लावला, की गाडी, डॉक्टर आणि पर्स एकदमच रेषेपार गेली. झेंडा हलला. टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टर तिथेच रस्त्यावर बसून लहान मुलासारखे रडले.

अर्ध्या तासाने फळ्यावर निकाल लागला. बाविसाव्या ओळीत लिहिलं होतं, 'अपूर्ण. कारण: बाहेरची मदत.'

"बाहेरची?" बाईंनी निकालाच्या टेबलावर पर्स आपटली. "तीस वर्षं संसार केलाय मी यांच्याबरोबर!"

"बाई, नियम सतरा..." निरीक्षक चाचरला.

"मला शिकवू नका नियम सतरा! आयुष्यात मी कधी नापास झालेली नाही. पहिलीत नाही, कॉलेजात नाही. आणि एवढ्या लोकांसमोर फळ्यावर अपूर्ण?"

डॉक्टर गवतावर आडवे होते. रडून झाल्यावर त्यांना फार शांत वाटत होतं. ढकलता ढकलता कुठेतरी, बहुधा चाळिसाव्या पावलाला, त्यांच्या मनातली नऊ वर्षांची आस गळून पडली होती. दोन माणसांचं टेबल. स्टार्टर नाही, पेट्रोल नाही, कशावर पाय दाबून बसायचं नाही. आपण जाऊन निवांत कॉफी प्यावी आणि चालत घरी यावं.

"न्या तुम्ही," ते हॉटेलवाल्यांना म्हणाले. "फक्त खिडकीजवळ ठेवा."

हॉटेलवाल्यांचा चेहरा उजळला. तेवढ्यात बाई आल्या. पर्समधून फ्रिजवरचा तो कागद काढला, लाल पेनाने 'यंदा' खोडलं, वर 'पुढील वर्षी' लिहिलं आणि शेजारी सही केली.

"गाडी विकायची नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मी चालवणार. मिस्त्री, स्टार्टर मंगळवारी मिळतो ना? दोन आणा."

"अगं, पण मी काय म्हणतो..." डॉक्टर उठून बसले.

"तुम्ही कठड्यामागे उभं राहायचं. आणि काही झालं तरी हात लावायचा नाही."

बाई नियमांचं पुस्तक उघडून गाडीत बसल्या आणि त्यांनी पेडलवर पाय ठेवून बघितला. डॉक्टर गवतावरून उठले. मग हळूच हॉटेलवाल्यांच्या कानाशी लागले.

"तुमच्याकडे एका माणसाचं टेबल मिळेल का हो?"