एक बाजू तशीच ठेवा

राऊत सर गेल्या वर्षी आठ महिने डोक्याच्या फक्त डाव्या बाजूला तेल लावत होते. भांगाच्या अलीकडे चकचकीत, पलीकडे रखरखीत. पांढुर्ण्याच्या बाजारात माणसं वळून वळून बघायची. नव्या तेलानं केस येतात असं त्यांच्या न्हाव्यानं सांगितलं होतं. मी विचारलं, "सर, हे अर्धंच काहून?" तर म्हणाले, "अख्ख्या डोक्याले लावलं अन् केस आले, तं ते तेलानं आले का आपल्या मनानं आले, मले कसं समजन? एक बाजू तशीच ठेवा लागते, गुरुजी."

आठ महिन्यांनी दोन्ही बाजूंचे केस सारखेच गेले. सरांनी हा निकाल मोठ्या आनंदानं न्हाव्याला जाऊन सांगितला. वहिनींना मात्र आनंद झाला नाही. त्या आठ महिन्यांत झालेल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत वहिनी सरांपासून दोन बायका सोडून उभ्या आहेत.

आम्ही दोघं एकाच शाळेत विज्ञान शिकवतो. म्हणजे ते शिकवतात, मी लिहून देतो. गाव मध्य प्रदेशात म्हणून पुस्तक हिंदीत, पोरं घरी मराठी बोलणारी, आणि मधे मी गाईड घेऊन उभा. माझ्या वर्गात प्रयोग 'झाला असं समजा' या पद्धतीनं होतो. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा आत जेवढ्या परीक्षानळ्या होत्या तेवढ्याच आजही आहेत, आणि याचा मला अभिमान होता. सरांच्या वर्गात दर आठवड्याला काहीतरी फुटतं. माझ्या वर्गाचा निकाल त्यांच्यापेक्षा चांगला लागतो, हे मी त्यांना सोडून सगळ्यांना सांगत असतो.

सरांना 'म्हणतात' हा शब्द चालत नाही. "कोन म्हनते? तू पाह्यलं काय?" एकदा एका पोरीनं सांगितलं, अवसेला पेरलेलं उगवत नाही म्हणतात. झालं! एका कुंडीत अवसेला मेथी, दुसरीत चार दिवसांनी. दोन्ही उगवल्या. सरांनी घरून स्टोव्ह आणून त्या मेथीची भाजी केली आणि वर्गाला खाऊ घातली. वास माझ्या वर्गापर्यंत आला, तेव्हा मी 'अंकुरण' याची व्याख्या लिहून देत होतो.

एक पालक तक्रार घेऊन आले. "सर, आमचा पोट्टा अर्धाच गृहपाठ करून राहिला. म्हनते, एक बाजू तशीच ठेवली." सर जरासुद्धा हसले नाहीत. म्हणाले, "मंग फरक काय पडला, थे लिहून आन म्हना त्याले."

आता माझं सांगतो. शाळेखेरीज माझा एक जोडधंदा होता. संत्र्याची फळगळ थांबवणारं टॉनिक, हिरव्या बाटलीतलं. कागदोपत्री साळ्याचं, विकणारा मी. बगिचेवाल्यांना मी ते 'एकदम वैज्ञानिक' म्हणून द्यायचो. त्यात वैज्ञानिक एवढंच होतं की विकणारा विज्ञानाचा मास्तर होता. त्याचा गुण येतो की नाही हे मी कधी पाहिलं नव्हतं. जामसावलीच्या मारुतीला मात्र दर शनिवारी नारळ फोडून यायचो. माझा त्या औषधावर किती भरवसा होता, ते यावरून समजून घ्या.

सरांच्या आठवीतल्या पायलच्या वडिलांचा सावरगावला बगिचा आहे. त्यांनीही टॉनिक माझ्याकडूनच घेतलं. पायलनं हट्ट करून त्यांना सहा झाडं फवारणीतून वगळायला लावली आणि ओळखू यावीत म्हणून त्यांना लाल चिंध्या बांधल्या. शेजारच्या बायांना वाटलं कुणाचा नवस आहे. त्या कुंकू लावून गेल्या. पोरगी महिनाभर रोज सकाळी शाळेआधी त्या सहा झाडांखाली आणि फवारलेल्या सहा झाडांखाली पडलेली संत्री मोजत होती.

नेमके त्याच वेळी सर दोन दिवस पेपर तपासायला बाहेरगावी गेले, आणि त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. पायलनं वही पुढे केली. पेन्सिलीनं आखलेला सुरेख तक्ता होता. औषधाच्या झाडांची गळालेली फळं दोनशे चौदा. बिनऔषधाची दोनशे नऊ.

मी वही तिच्याकडे परत सरकवली. म्हटलं, "तुझं मोजण्यात चुकलं."

"सर, मी रोज दोनदा मोजून राहिली होती."

"मंग दोनदा चुकलं. औषधानं गळ कमीच होते. पुस्तकात दिलं आहे." पुस्तकात असलं काहीही दिलेलं नाही. "खोड ते. एकशे चौदा लिही."

तिच्याकडे खोडरबर नव्हतं. मी माझं दिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कुणा विद्यार्थ्याला आपणहून दिलेली ती पहिलीच वस्तू असावी.

सर परत आले. तक्त्यावरच्या काळ्या डागावरून त्यांनी बोट फिरवलं. मी दारातच होतो.

"पायल, हे काय खोडलं बाई?"

"मोजण्यात चूक झाली होती, सर."

"कोन म्हनलं?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "कोनी नाई." मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं.

मधल्या सुट्टीत सर माझ्याशेजारी येऊन बसले. हिरव्या बाटलीचं नावही त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर मी भांडलो असतो. भांडण मला चांगलं येतं. ते म्हणाले, "गुरुजी, पानी कितीले उकळते?"

"शंभर."

"हाव. मीबी तेच सांगत होतो. नवी नोकरी होती, तवा मी सौंसरले होतो. कल्पना नावाची पोरगी होती वर्गात. थर्मामीटर पाहून म्हने, सर, साडेअठ्ठ्याण्णवलेच उकळून राहिलं. मी तिले साऱ्या वर्गासमोर उभी केली. म्हटलं, तुले पाहताच येत नाही. अन् शंभर वेळा 'शंभर' लिहाले लावलं."

"मंग?"

"मंग एक दिवस मी सोताच पाह्यलं. साडेअठ्ठ्याण्णव. आपला मुलूख उंचावर, इथं पानी शंभराले जातच नाही. पोरगी बरोबर होती. अन् तवापावतो तिनं शाळा सोडली होती. त्याच्यानंच सोडली का दुसऱ्या कशानं, हे मले आता कधीच नाही समजनार." मग म्हणाले, "लगन करून रामाकोन्याले देली तिले. तिच्या घरावरून जातो मी कई कई बार. गाडी हळू करतो. थांबत नाही."

मी आजवर समजत होतो, हा माणूस जन्मतःच असा चक्रम आहे. एका पोरीला खोटं पाडल्याचं दुःख घेऊन तो इतकी वर्षं एकटाच फिरतो आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं आणि स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच तासाला मी त्यांच्या वर्गात गेलो. घरून भाषण पाठ करून आलो होतो, त्यातलं एक वाक्य आठवेना. शेवटी म्हटलं, "ते टॉनिक मीच विकतो. पायलनं बरोबर मोजलं होतं. मीच तिला खोडायला लावलं. माझी चूक झाली, पायल."

मग पायल उभी राहिली. मला वाटलं, आता ही रडते की काय. ती म्हणाली, "सर, एका महिन्यानं काही पक्कं नाई समजत. पुढच्या बहाराले आनखी पाहा लागन." माझ्या टॉनिकला तिनं जेवढा न्याय दिला, तेवढाही मी तिला दिला नव्हता. मग ती खाली बसली आणि पेननं दोनशे चौदा लिहिलं.

राऊत सर खिडकीशी उभे राहून सगळं ऐकत होते.

रविवारी सकाळी त्यांची मोटारसायकल माझ्या दाराशी. "चला गुरुजी, रामाकोन्याले. तुमी चाळीस पोरांसमोर बोलून गेले. मले इतक्या वर्षात एकीसमोर बोलता नाई आलं." सरांनी उभ्या आयुष्यात माझ्याकडून शिकलेली ही एवढी एकच गोष्ट.

कल्पना अंगणात मूग वाळत घालत होती. कानाशेजारचे केस पिकायला लागलेले. "अव माय, राऊत सर!" म्हणत ती लगबगीनं उठली, दोन खुर्च्या आणल्या, पाणी आणलं. मी बसलो. सर बसले नाहीत.

"कल्पना, तू बरोबर होती. साडेअठ्ठ्याण्णवलेच उकळते पानी."

तिला क्षणभर काही उमगलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. "थे होय? थे तं मी इसरूनच गेली होती, सर." ती हसली आणि मूग पसरायला लागली. पसरता पसरताच म्हणाली, "पन त्याच्यानंतर वर्गात मी कधी हात वर नाई केला."

"माझं चुकलं, बाई," सर म्हणाले.

"जाऊ द्या ना सर. बसा ना. उभे काहून?"

सर हात मागे बांधून, मान खाली घालून उभेच. मलाही मग खुर्चीत बसवेना, मी उठलो. तिनं पदराला हात पुसले, खुर्ची उचलून अगदी त्यांच्यापाशी आणून ठेवली आणि पुन्हा एकदा "बसा" म्हणाली. तेव्हा कुठे सर बसले.