रक्तराणीचं पाचवं मरण

एका जंगलात, पोरांनो, सगळी वटवाघळं उंबर खाऊन सुखात राहत होती. रक्त पिणारं वटवाघूळ तिथं कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. आणि जे पाहिलेलं नसतं, त्याचीच भीती फार. म्हणून त्या जंगलातला सगळ्यात गाजलेला खेळ होता 'रक्तराणी'.

खेळात दोन मोठी सोंगं. एक रक्तराणी. ती तिन्हीसांजेला बेहड्याच्या फांदीवरून झेपावायची आणि हरणाच्या मानेचं रक्त प्यायची. दुसरं सोंग माणूसलांडग्याचं. एरवी हा साधासुधा लांडगा. पण पुनवेचा चंद्र डोंगराआडून वर आला की त्याचे केस झडायचे, तो मागच्या दोन पायांवर उभा राहायचा आणि चक्क माणूस व्हायचा.

हसू नका. तुम्ही माणसं आहात म्हणून हसता. सशांची पोरं तिथं धाय मोकलून रडायची.

रक्तराणीचं काम करायची झुंबरबाई नावाची एक वटवाघळीण. खरं सांगायचं तर तिला रक्ताच्या नावानंही मळमळायचं. हरणाच्या मानेला एक पिकलं उंबर चिकटवलेलं असे. ती त्यात दात रोवायची. लाल गर ओघळायचा. पुढे बसलेल्या रानडुकरिणी "अगं बाई" म्हणून डोळ्यांवर पाय घ्यायच्या. एवढ्या एका उंबरावर सगळं जंगल थरथरायचं, अशी त्या बाईची कला.

पहिल्या साली खेळात एक चंद्र होता, एक उंबर होतं आणि एकच मारामारी होती. शेवटी माणूसलांडग्याच्या नखांनी घायाळ झालेली रक्तराणी फांदीला लटकायची, पंख अंगाभोवती गुंडाळायची आणि मरायची. कुणी हूं की चूं करत नसे. झुंबरबाईला वाटलं, झालं, सुटले.

कारण त्या जंगलाचा एक रिवाज होता. सोंग जिवंत आहे तोवर नट मंडळीला बांधलेला. सोंग मेलं की नट मोकळा. मग त्याने कुठंही जावं, काहीही खावं.

झुंबरबाईला जायचं होतं नदीपलीकडच्या मोहाच्या राईत. तिची लेक लोंबी तिथं दिलेली. मोह फुलला की ती सगळी राई नुसती घमघमते, आणि वटवाघळांची लेकरंबाळं, आज्या, मावश्या, सगळी एका झाडावर जमून फुलं खातात. पण खेळही नेमका त्याच दिवसांत. इथला खेळ आवडला की तो पुढे पाणवठ्या-पाणवठ्यावर न्यायचा. सगळे पाणवठे होईस्तोवर मोह गळून भुईला मिळालेला असे.

मंडळीचा मालक होता गेनूशेठ तरस. तरसाला हसायला कारण लागत नाही, त्यामुळे गेनूशेठ कायम खुशीत दिसे. पहिल्या सालचा खेळ संपल्यावर झुंबरबाई त्याच्यापुढे गेली आणि म्हणाली, "शेठ, मेले बरं का मी. निघते आता."

"मेलीस?" गेनूशेठ हसला. "भुईला अंग लागलं तुझं?"

"वटवाघूळ मेलं तरी फांदी सोडत नाही, शेठ. पाय आवळलेलेच राहतात. आमची जातच तशी."

"ते तुमच्या जातीचं झालं. रिवाज काय सांगतो? अंग भुईला लागलं पाहिजे आणि बघणाऱ्यांनी मान खाली घातली पाहिजे. तू तर लटकलेली. लटकलेली म्हणजे जिवंत. आणि जिवंत म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"पार्ट दोन!"

असले शब्द त्याला शहराकडून येणारा एक डोमकावळा पुरवायचा.

तर पार्ट दोन झाला. त्यात रक्तराणी झोपेतून उठली. पार्ट तीन झाला. त्यात रक्तराणीचं आणि माणूसलांडग्याचं लग्न लागलं आणि माणूसलांडगा मेला. तो भुईवर धाडकन पडला, सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्याचं काम करणारा सटवाजी लांडगा रिवाजाप्रमाणे मोकळा झाला. नाचत घरी गेला बिचारा. घरी बायको म्हणाली, "आलात? शिकारीला कधी जाता?" तो दुसऱ्या दिवशी परत आला आणि पार्ट चारमध्ये मेलेल्याचा जुळा भाऊ झाला.

झुंबरबाई मात्र दरवर्षी मरत राहिली आणि दरवर्षी जिवंत निघत राहिली.

पाचव्या साली धनेश पक्षी नदीपलीकडून लोंबीचा निरोप घेऊन आला. "आई, यंदा तरी ये. बाळ आता माझं पोट सोडून स्वतःच्या पायांनी लटकायला लागलंय. आजी कशी असते म्हणून विचारतं. मी सांगते, लाल तोंडाची असते."

झुंबरबाईने तोंड पुसलं. उंबराचा डाग काही निघाला नाही.

ती तडक गेनूशेठकडे गेली. तो पार्ट पाचची तयारी करत होता. माकडं पळसाच्या फुलांचं लाल पाणी भोपळ्यांत भरत होती.

"हे कशाला, शेठ? उंबर आहे की."

"एका उंबराने आता कुणी भीत नाही, झुंबरबाई. यंदा भोपळे फोडायचे. बारा मारामाऱ्या आहेत."

"आणि गोष्ट?"

"गोष्ट पहिल्या पार्टात झाली की! किती वेळा सांगायची तीच?"

"माणूसलांडगा कधी उभा राहतो यंदा?"

"सुरुवातीपासून उभाच आहे. चंद्राची वाट कोण बघत बसणार? आणि एकटा नाही, दहा माणूसलांडगे आहेत. एकाने जर एवढी भीती वाटते, तर दहांनी किती वाटेल? तूच हिशोब कर."

झुंबरबाईने हिशोब केला नाही. तिने मनाशी दुसरंच ठरवलं. खेळाच्या दिवशी दुपारी तिने सटवाजीला बेहड्यामागे बोलावलं.

"सटवा, आज मी पाय सोडणार आहे."

"कसले पाय, अक्का?"

"फांदीवरचे. भुईवर पडणार. मग कोण मला जिवंत म्हणतो बघू."

सटवाजीची शेपटीच खाली गेली. "अगं अक्का, वटवाघूळ भुईवरून उडत नाही! मुंग्या धरतील तुला."

"खोड आहे ना? चढेन नख्यांनी. वर गेले की तिथूनच झेप घेईन ती थेट मोहावर. मी पडले की तू फक्त माझ्यावर पाय देऊ नकोस. दोन पायांवर तुला धड चालता येत नाही."

ऊन उतरलं. सुतारपक्ष्याने खोडावर ठकठक सुरू केली, तोच त्यांचा ट्रेलर. सगळं जंगल लोटलं. लोक सकाळपासून जागा धरून बसले होते. चितळं होती, नीलगाई होत्या, रानडुकरिणी सहकुटुंब होत्या. कासवआजोबा तर मागच्या पुनवेलाच निघाले होते.

खेळ सुरू झाला. दहा माणूसलांडगे आले. सगळे आल्या आल्या दोन पायांवर उभे. सशांची पोरं आईला बिलगली. माणूसलांडगे लढले. भोपळे फुटले. पुढच्या रांगेत बसलेले ससे लाल पाण्याने भिजले. गेनूशेठ मागून ओरडला, "घाबरू नका! याला थ्रीडी म्हणतात!"

दुसरी मारामारी झाली. पोरांनी आईला सोडलं. तिसरी झाली. पोरं एकमेकांच्या शेपट्या ओढायला लागली. मधेच डोंगराआडून चंद्र वर आला, चांगला ताटाएवढा, पण त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. माणसं आधीच झालेली होती, आता चंद्राचं काय काम?

चौथ्या मारामारीत कासवआजोबांनी मान बाहेर काढली. "अरे, राणी या लांडग्याला ओळखत कशी नाही? लग्न लागलं होतं ना यांचं?"

शेजारची रानडुकरीण म्हणाली, "तो मेला, आजोबा. हा दीर तिचा."

"मग दिराला ओळखू नये माणसाने?"

"आजोबा," गेनूशेठ मागून म्हणाला, "डोकं कवचात ठेवून बघा. मारामारीचा खेळ आहे हा."

आजोबांनी डोकं कवचात घेतलं, ते काही बाहेर आलं नाही. सहाव्या मारामारीला नीलगाई रवंथ करायला लागल्या. आठव्या मारामारीला माकडं पळसाच्या पाण्यात एकमेकांना बुडवू लागली. दहाव्या मारामारीत दहा माणूसलांडग्यांपैकी कोण कुणाच्या बाजूचं, हे त्यांनाच कळेना, म्हणून ते विचारून विचारून मारू लागले.

बाराव्या मारामारीत झुंबरबाईने मरायचं होतं. ती फांदीला लटकली. वाऱ्याबरोबर नदीपलीकडून मोहाचा वास आला. तिला लोंबी आठवली आणि तिने अजून न पाहिलेलं ते बाळ आठवलं. आणि पोरांनो, ती अशी काही मरायला लागली की काय सांगू. एक पंख हळूच उघडला. दुसरा उघडताना थांबला. मान वळली ती नदीच्या दिशेला. शेजारी उभा असलेला सटवाजी आपलं वाक्य विसरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग झुंबरबाईने एक पाय सोडला. मग दुसरा.

ती भुईवर पडली. पाचोळा जरासा वाजला, एवढंच.

झुंबरबाईने एक डोळा किलकिला करून बघितलं. सगळ्या जंगलाची मान खाली होती. चितळांची खाली, नीलगाईंची खाली, रानडुकरिणींची तर पार मातीला टेकलेली. तिला भरून आलं. शेवटी सुटले ग बाई, म्हणून तिने डोळा मिटला.

तेवढ्यात रानडुकरीण घोरली.

मग नीलगाय घोरली. कवचाच्या आतून कासवआजोबा घोरले.

गेनूशेठ हसत हसत पुढे आला. झुंबरबाई पडल्या पडल्याच म्हणाली, "शेठ, अंग भुईला लागलंय. माना खाली आहेत. आता मला सोडा."

"माना खाली आहेत," गेनूशेठ म्हणाला, "पण डोळे मिटलेले आहेत. झोपेत घातलेली मान रिवाजात बसत नाही. पाहिलं कुणी तुला मरताना?"

"मी पाहिलं!" सटवाजी पुढे आला. "शेठ, शप्पथ सांगतो, असं मरणं मी जन्मात पाहिलं नव्हतं!"

"तू पार्ट तीनमध्ये मेलायस, सटवा. मेलेल्याची साक्ष कुठं धरतात?"

सटवाजी मागे सरला. रिवाज रिवाज असतो.

पाचोळ्यात मुंग्या जमायला लागल्या होत्या. झुंबरबाईने अंग झटकलं, फरपटत खोडापाशी गेली आणि अंगठ्याच्या नख्या सालीत रोवून चढायला लागली. रिवाज गेला खड्ड्यात, म्हणाली. वर जाते आणि मोहाकडे झेप घेते. पंख पळसाच्या पाण्याने लाल झालेले. चंद्र पाठीशी. एक एक वीत ती वर सरकत होती आणि दमून दमून कण्हत होती.

ते कण्हणं ऐकून सशाच्या एका पिल्लाला जाग आली. त्याने बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की सगळं जंगल जागं झालं.

"राणी उठली! मेलेली राणी उठली!"

"अगं बाई! खोडावरून चढतेय!"

रानडुकरिणींनी डोळ्यांवर पाय घेतले. नीलगाई पळायच्या बेतात उभ्या राहिल्या. कासवआजोबांनी मान बाहेर काढली आणि ते थरथर कापू लागले. पहिल्या पार्टानंतर जंगलात एवढी भीती कुणाला वाटली नव्हती. झुंबरबाई फांदीवर पोचली आणि सगळ्यांनी एकदम असा गलका केला, अशा शेपट्या आपटल्या, अशा आरोळ्या दिल्या, की आजूबाजूच्या झाडांवरची पिकलेली उंबरं टपाटपा खाली पडली.

"शेवट एक नंबर!" चितळ म्हणालं.

"बाकीचं काय झालं मधे?"

"कुणाला ठाऊक. पण पुढच्या साली यायलाच पाहिजे बाई."

आता रक्तराणी जिवंत आहे हे सगळ्या जंगलाने उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. झेप घ्यायची तर एवढ्या जणांदेखत रिवाज मोडायचा. झुंबरबाईचे पाय फांदीवर आवळले ते आवळलेच.

गेनूशेठ झाडाखाली येऊन उभा राहिला. या वेळी त्याला हसायला कारणही होतं.

"झुंबरबाई, हे चढायचं आधी का नाही सांगितलंस? उद्यापासून सगळ्या पाणवठ्यांवर हेच करायचं. पडायचं आणि चढायचं. मारामाऱ्या तेरा करू."

वर सुतारपक्ष्याने पार्ट सहाची ठकठक सुरूसुद्धा केली होती.

सकाळी धनेश पक्षी निरोप न्यायला आला. झुंबरबाई अजून त्याच फांदीला लटकलेली होती. नदीकडून मोहाचा वास येत होता, पण कालच्यापेक्षा थोडा कमी.

"लोंबीला सांग," ती म्हणाली, "यंदाही नाही जमत बाई. मरायचं ते नीट मेले, कुणी बघितलं नाही. घरी यायला निघाले, ते सगळ्यांनी बघितलं."

तात्पर्य : पोरांनो, जीव ओतून काम करताना कुणी बघतंय का, याची काळजी करू नये. काम उरकून घरी जाताना मात्र कुणी बघत नाही ना, एवढं नीट पाहून घ्यावं.