शून्यावर भरलेली टाकी

गाडीत सगळं होतं. इंजिन होतं, चाकं होती, कंपनीने दिलेला संगणक काढून त्या जागी बाहेरून मागवलेला नवा संगणकही होता. फक्त टाकीत पेट्रोल किती आहे, हे कुणालाही कळण्याची सोय उरली नव्हती. नवा संगणक बसला त्या दिवशी पेट्रोलच्या काट्याने जी मान टाकली ती पुन्हा उचललीच नाही.

"टाकीत काठी घालून बघत जाऊ," बायको म्हणाली.

"काठी?" नवऱ्याच्या चेहऱ्यावर दुखवट्याची छटा आली. "अगं, हा संगणक क्षणाक्षणाला इंजिनाची नाडी बघतो! त्याच्यासमोर काठी?"

"मग त्यालाच विचारा ना पेट्रोल किती आहे ते. पण काय करायचं ते सोमवारच्या आत करा."

सोमवारी तिची मुलाखत होती. गेली कित्येक वर्षं ती शाळेत गणित शिकवत होती आणि आता पलीकडच्या गावातल्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली होती. तिकडे जाणारी सकाळची एकुलती एक बस कधी लवकर निघून जायची, तर कधी यायचीच नाही. "ही संधी गेली तर मी पुन्हा अर्ज करणार नाही," असं तिने शांतपणे सांगितलं होतं. ती ओरडली असती तर नवऱ्याला बरं वाटलं असतं.

नवरा विमा कंपनीत कारकून होता, पण मेहुणा त्याला शास्त्रज्ञ म्हणायचा. तो गमतीने म्हणतो की मनापासून, हे नवऱ्याने कधी तपासून पाहिलं नाही. दोघेही कामाला लागले.

काम दिसायला सोपं होतं. पेट्रोलच्या टाकीत दांडीच्या टोकाला एक तरंगता गोळा असतो. पेट्रोल वाढलं की गोळा वर जातो, कमी झालं की खाली येतो आणि त्याप्रमाणे तारेतला विजेचा दाब बदलतो. ती तार नव्या संगणकाला जोडायची आणि कुठला आकडा म्हणजे भरलेली टाकी, कुठला म्हणजे रिकामी, हे त्याला एकदा शिकवायचं. पहिल्यांदा तार जोडली तेव्हा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा जोडली तेव्हा वायपर फिरले. शेवटी एकदाचे संगणकाला आकडे दिसू लागले.

आता शिकवणी. ती खरं तर टाकी रिकामी करून, थोडं थोडं पेट्रोल ओतत घ्यायची असते. एवढा धीर असता तर नवऱ्याने मुळात गाडीचा संगणक बदललाच नसता. त्याने तो गोळा दांडी आणि झाकणासकट टाकीतून उपसला आणि लांब तार जोडून सरळ जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. घरभर पेट्रोलचा वास सुटला.

"हं, गोळा वर कर," तो लॅपटॉपवर बोटं ठेवून म्हणाला. "वर म्हणजे भरलेली. लिहिलं. आता खाली. खाली म्हणजे रिकामी."

"सोपंय की, भावजी!"

"सोपं नसतं रे. आपण सोपं करतो."

टेबलावर तो सगळा प्रकार झाकणावर उभा होता, दिवाणखान्यातल्या दिव्यासारखा. टाकीत मात्र झाकण वर असतं आणि दांडी त्याला खाली लोंबकळते. म्हणजे टेबलावरचं वर हे टाकीतलं खाली. हे वाचकांना आत्ताच सांगितलेलं बरं, कारण त्या दोघांना ते सुचलं नाही. उलट नवऱ्याने उत्साहाच्या भरात आणखी एक सोय चालू करून ठेवली. पेट्रोल वाचावं म्हणून, टाकी जराशी उतरली की संगणकाने आपणहून इंजिनाचा वेग दाबून धरायचा.

रविवारी संध्याकाळी त्याने घरीच कॅनने टाकी काठोकाठ भरली. सोमवारी सकाळी बायको कडक इस्त्रीचे कपडे घालून मागे बसली, मेहुणा पुढे. गाडी सुरू झाली, संगणकाच्या पडद्यावर भलंमोठं शून्य उमटलं आणि गाडी रांगू लागली.

"अहो, आपल्याला सायकली मागे टाकून चालल्यात," बायको म्हणाली.

"काल भरलं होतं खरं, पण संगणक कमी दाखवतोय. आत्ता भरू."

पंपावरच्या माणसाने टाकीचं टोपण उघडलं, वाकून पाहिलं आणि परत लावलं. "साहेब, काठोकाठ आहे."

"असं कसं? शून्य दाखवतंय! घाला थोडं तरी!"

त्याने घातलं. ते नवऱ्याच्या बुटांवर आलं. पडद्यावरचं शून्य ढिम्म हललं नाही.

मेहुणा बराच वेळ त्या शून्याकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "भावजी, टेबलावर आपण झाकण खाली ठेवलं होतं ना?"

लॅपटॉप घरी, आकडे बदलायची सोय नाही, आणि आरशात बायकोचे डोळे.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. हा संगणक जरा उलटा वाचतो. त्याची जातच तशी. त्याला इलाज नाही."

मेहुणा खिडकीबाहेर बघू लागला. बायको गणिताची. तिने क्षणभर विचार केला. "उलटा वाचतो, म्हणजे टाकी रिकामी केली की भरलेली समजेल? मग काढा पेट्रोल!"

पंपावरच्या माणसाने आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली होती, पण पेट्रोल काढायला आलेलं हे पहिलंच. त्याने नळी आणि कॅन दिले आणि तो लांब जाऊन उभा राहिला. कॅन भरत गेले तसा पडद्यावरचा आकडा चढत गेला. टाकीत जेमतेम तळ ओला राहिला तेव्हा संगणक खूश झाला आणि गाडी सुसाट सुटली.

थोड्या वेळाने ती अर्थातच बंद पडली. पडद्यावर टाकी पूर्ण भरलेली होती.

मग मेहुण्याने उतरायचं, घोटभर पेट्रोल ओतायचं, गाडीने पळायचं, थांबायचं, पुन्हा घोटभर. जास्त ओतलं की रांगते, कमी ओतलं की मरते. बायको मागून हिशोब करून सांगत होती, "आता अर्धा पेला. चढ आहे, थोडं जास्त." नवरा नुसता चाक धरून बसला होता.

ती पोचली. शेवटचं नाव पुकारत होते तेव्हा पोचली. आणि जागाही तिलाच मिळाली, दुसऱ्या दिवशीच हजर व्हायच्या अटीवर.

घरी येताना ती इतकी आनंदात होती की संगणकालाही तिने माफ केलं. "उलटा तर उलटा. मी लक्षात ठेवीन. शून्य म्हणजे भरलेली." नवऱ्याच्या ओठांवर खरी गोष्ट आली होती, पण तिथेच अडकली. संध्याकाळी तो गुपचूप गाडीत जाऊन बसला, आकडे सरळ केले आणि वेग दाबून धरायची ती सोय कायमची काढून टाकली. उरलेले कॅन मेहुणा स्वतःच्या स्कूटरसाठी घेऊन गेला होता. तिला फक्त एवढंच सांगितलं, "आता रांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच निघाली. नवरा ऑफिसात पोचतो न पोचतो तोच फोन वाजला.

"अहो, गाडी बंद पडलीय. अर्ध्या रस्त्यात. मुलं प्रार्थनेला उभी असतील, सगळा स्टाफ वाट बघत असेल, आणि मी इथे!"

"पेट्रोल बघितलंस का?"

"बघितलं ना! शून्य दाखवतोय, म्हणजे काठोकाठ. मला वाटलं, रात्री तुम्ही भरलीत. म्हणून तर पंपावर थांबले नाही."

नवऱ्याने डोळे मिटले. "अगं, ते मी काल सरळ केलं."

"सरळ केलं? त्याला इलाज नाही म्हणाला होतात ना?"

"संगणक बरोबरच होता. गोळा आम्ही उलटा ठेवला होता."

"हे काल सांगितलं असतंत तर मी हसले असते हो," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "बस येतेय. मी जाते. किल्ली गाडीतच ठेवलीय. ज्याला हवी त्याने न्यावी."

फोन बंद झाला. नवरा उघड्या फाइलकडे बघत बसला. गाडी कुणी चोरून नेईल एवढी आशासुद्धा त्याला उरली नव्हती. टाकीत पेट्रोलच नव्हतं.