फोर-व्हीलचं सुख

आमची जुनी छोटी एसयूव्ही विकायची असं बायकोने ठरवलं, तेव्हा मी फक्त 'हं' म्हणालो. (घरातल्या मोठ्या निर्णयांमध्ये माझा वाटा साधारण एवढाच असतो.) आतून मात्र मला रडू येत होतं.

गाडी रोज चालवायची ती बायको. माझं नातं इंजिनाशी होतं. सुट्टीच्या सकाळी मी खाली पार्किंगमध्ये जायचो, गाडीत बसून इंजिन चालू करायचो आणि डोळे मिटायचो. डिझेलची ती संथ घरघर तळपायांतून वर चढायची, सीट हलके हलके डुलायची, आणि थोड्याच वेळात मी धुक्यातल्या कुठल्यातरी डोंगरावर पोचलेला असायचो. गिअरशेजारी आणखी एक आखूड लिव्हर होता. तो ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही ताकद मिळते. फोर-व्हील ड्राइव्ह! माझे सगळे डोंगर त्या लिव्हरच्या जोरावर उभे होते. (गाडी जागची हललेली नसायची, पण ते सोडा.)

गाडी बघायला आल्या त्या गुरांच्या डॉक्टर. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, कान देऊन इंजिन ऐकलं आणि तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं. म्हणजे सौदा ठरल्यातच जमा होता.

बायकोने मला त्यांना एक चक्कर मारून आणायला सांगितलं. गाडी वाचवायची ही शेवटची संधी होती. कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लावली की गाडी वळताना अडखळते, असं मी कुठेसं वाचलं होतं. डॉक्टरांची नजर चुकवून मी लिव्हर ओढला.

आणि काय सांगू, गाडी कण्हायलाच लागली. इंजिन गुरगुरतंय, चाकं सरकायला राजी नाहीत, मागून जळका वास येतोय. चारही चाकांनी जमीन घट्ट धरून ठेवली आहे, या कल्पनेनेच मी हरखून गेलो. समोरची दुकानं विरघळली. धुकं आलं, कडा आला, खाली ढग आले. कुणीतरी शेजारून "अहो, थांबवा" म्हणत होतं, पण शिखर जवळ आलं होतं.

परत आल्यावर डॉक्टरांनी नकार दिला. हे जनावर आता उठायचं नाही, असं त्यांचं मत पडलं.

"मग उद्या भंगारात देते," बायको म्हणाली.

दुसऱ्याच्या दारात का होईना, पण ती गाडी जगायला हवी होती. मी सांगून टाकलं, की गाडीत काही खोट नाही, मीच फोर-व्हील लावली होती.

बायको सरळ गाडीपाशी गेली.

"अहो, पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट मी केव्हाच काढून माळ्यावर ठेवलाय. आवाज करायचा. तो लिव्हर नुसता हलतो."

मग तिने खिडकीतून हात आत घातला आणि हँडब्रेक सोडला. (निघताना तो सोडायचा असतो हे मला ठाऊक आहे. पण डोंगरावर कोण लक्षात ठेवतं?)

डॉक्टरांना घेऊन पुढची चक्कर तिनेच मारली. गाडी अलगद वळून दिसेनाशी झाली आणि मी फाटकात उभा राहून ती घरघर पुसट होईपर्यंत ऐकत राहिलो. परतल्या तेव्हा दोघी हसत होत्या. सौदा झाला होता, माळ्यावरच्या शाफ्टसकट.

किल्ली घेताना डॉक्टरांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "यांना गाडीबरोबर पाठवत नाही ना तुम्ही?"

"इच्छा होती," बायको म्हणाली, "पण यांना गिऱ्हाईकच मिळत नाही."