आबांनी कामावरून काढलेली माणसं

आमचे आबा माणसाला कामावरून काढतात तेव्हा पेढे वाटतात. बरं, काढतात तेही आळशाला नाही, ऑफिसातल्या सगळ्यात हुशार माणसाला. मी अकरा वर्षं तिथंच आहे. त्यावरून आबांचं माझ्याबद्दल काय मत असेल ते ज्याचं त्यानं ओळखावं.

अमळनेरला एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या गोदामात आबांची कंपनी आहे. विहिरीवरचा पंप घरबसल्या मोबाईलवरून चालू-बंद करायचं यंत्र आम्ही बनवतो. आबा सत्तरीचे, खिशात पेनाऐवजी टेस्टर, बोलणं पक्कं अहिराणी. सर्किटला ते 'पाटी' म्हणतात आणि सॉफ्टवेअरला 'अक्कल'. "पाटी चांगली शे, अक्कल कमी शे," असं माझ्याकडे बघत म्हणाले की मी यंत्राकडे बघतो.

पहिला काढला तो संदीप. जाताना आबांनी त्याला सोल्डरिंगचं टेबल दिलं आणि दोन गिऱ्हाइकंही दिली. त्यानं समोरच्याच गाळ्यात आमच्यासारखाच धंदा टाकला. आबा नारळ फोडायला हजर! मी आ वासून बघत राहिलो.

पण योगिताच्या वेळी माझ्या तोंडचं पाणी पळालं. विहीर आटली की पंप आपोआप बंद पडेल, असा प्रोग्राम तिनं लिहिला होता. त्यावर धुळ्याची मोठी ऑर्डर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या टेबलावर पेढ्यांचा पुडा!

"योगिता, आते तू हुशार व्हयनी. आते निघ. संदीपना बाजूना गाळा रिकामा शे."

ती बिचारी रडायलाच लागली. मी हातातला चहा सांडला. "आबा, अहो, धुळ्याची ऑर्डर!"

"ती बी तिलेच देई टाक."

पुढचा महिनाभर मी गुपचूप दुसरी नोकरी शोधत होतो. कंपनी आता बुडणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

बुडाली नाही, हा दुसरा धक्का. पेढे वाटता वाटता आज आमच्या गल्लीत पाच कंपन्या झाल्यात. पूर्वी एक चिप लागली तरी पुण्याहून मागवावी लागे, आता सुट्या भागांचं दुकान गल्लीतच निघालंय. आमची पाटी अडली की संदीपचा माणूस येऊन बघतो, त्यांची अडली की मला जावं लागतं. एका फेरीत पाच ठिकाणी विचारता येतं म्हणून साक्रीचा शेतकरीही इथवर येतो. कुणाचं मालकाशी वाजलं, तर तो दुपारी शेजारच्या दारात कामाला बसलेला असतो. आणि आमचं काम, काय सांगू, दुपटीनं वाढलंय!

तरी एकदा मी चिडलोच. "आबा, लोक हुशार माणसाला धरून ठेवतात. तुम्हाला हे काय खूळ लागलंय?"

आबांनी टेस्टर पुसून खिशात ठेवला. मग म्हणाले, "वैशाली याद शे ना तुले?"

वैशाली त्यांची मुलगी. मला काम तिनंच शिकवलं होतं. पुढं ती बंगळूरला गेली, चांगल्या नोकरीसाठी गेली, असंच मी धरून चाललो होतो.

"मी म्हनलो, मन्हं काम असंच चालीन, नही पटस ते निघ. निघनी. आते मन्हासंगे भांडीसन ती जाई कोठे? गावमा हाई काम करनारी आपली एकच कंपनी व्हती. दुसरं दारच नही व्हतं."

अकरा वर्षं मी या माणसाला विक्षिप्त म्हणत होतो, याची मला शरम वाटली.

गेल्या महिन्यात वैशाली परत आली. आमच्याकडे नव्हे, योगिताच्या कंपनीत. रोज सकाळी ती आमच्या दारावरून जाते आणि आत बघतही नाही. मलाच राहवलं नाही. "आबा, ती साधी आतसुद्धा आली नाही हो."

आबांनी खुर्ची दाराजवळ ओढून घेतली होती.

"नही बोलस मन्हासंगे," ते म्हणाले, "पन गावमा शे ना!"