रांजण न फोडणारा वीर

“बाजूला हो रे मुडद्या, रांजणाला लागंल!”

आमच्या सोजरमावशी हे ज्याला सुनावतात तो अंगाने रेड्याएवढा, दोन शिंगांचा, तोंडातून जाळ काढणारा राक्षस असतो. तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर आणि मावशी पदर खोचून, ओल्या हातात माउस धरून त्याच्यासमोर. राक्षसाला त्या भीत नाहीत. त्यांना काळजी असते ती पडद्यावरच कोपऱ्यात मांडलेल्या रांजणाची.

लातुरात मावशींची मेस आहे. मी त्यांच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहतो आणि एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. आमच्या गल्लीत घरं कमी आणि क्लासच्या पाट्या जास्त. प्रत्येक पाटीवर टॉपरचा फोटो असतो, आणि एकच टॉपर तीन पाट्यांवरून तितक्याच प्रेमाने हसत असतो. नांदेड, किनवट, हिमायतनगर, कुठून कुठून आईबाप येतात, पोरगं आमच्या ताब्यात देतात आणि डोळे पुसत एसटीत बसतात. डॉक्टर आम्ही घडवतो असं पाट्या म्हणतात. प्रत्यक्षात ते मावशींच्या वरणावर घडतात.

असाच एक जण मेडिकलला लागला आणि जाताना जुना कॉम्प्युटर मावशींकडे ठेवून गेला. त्यात हा एकच गेम होता. हातात तलवार घेतलेला वीर, समोर भुतांच्या झुंडी, दिसेल त्याला कापत सुटायचं. शेवटी मोठा राक्षस. तो मेला की राज्य वाचलं. मावशींनी एकदा गंमत म्हणून बघितला आणि तेव्हापासून दुपारची भांडी झाली की त्या तासभर राज्य वाचवायला बसतात.

त्यांना या गेमचं फार कौतुक आहे असं मात्र समजू नका. आमच्या क्लासमधला कुठलाही परीक्षक इतक्या कठोरपणे पेपर तपासत नाही.

“पोरगं कामाचं हाय,” त्या वीराबद्दल म्हणतात. “तलवार कशी सपासप चालती बगा. एक मिनिट बसत न्हाई. तुमच्या क्लासातल्यावानी जांभया देत न्हाई.” इथवर गुण पूर्ण. मग कापणं सुरू होतं. “पर सर, ह्यो जेवतो कवा? बारा हत्यारं पाठीवर अन् पाण्याची बाटली न्हाई. आख्ख्या राज्यात एक चूल पेटलेली दिसंना. असलं राज्य वाचवून तरी काय करायचं?” भुतांवरही त्यांचा राग आहे. आधी लाल भूत येतं, पुढे तेच निळं होऊन येतं, नाव तेवढं बदलतं. “म्या बी रविवारी वरणाला लसणाची फोडणी देऊन दाल फ्राय म्हणते. पर म्या कबूल तर करते!” मी घाईने विषय बदलतो, कारण आमचा क्लासही गेल्या वर्षीच्याच नोट्सना नवं कव्हर घालतो.

पण मावशींचा खरा वाद रांजणांवरून आहे. या गेममध्ये घराघरांतून रांजण आणि मडकी मांडलेली असतात. ती फोडली की सोन्याची नाणी निघतात, जखम भरणारं औषध निघतं. सगळं जग ती फोडतं. मावशींनी एकही फोडलेलं नाही. “लोकाच्या घरात शिरून मडकी फोडायची, अन् म्हणायचं मी राज्य वाचवून राहिलो!” त्यामुळे त्यांचा वीर कायम गंजक्या तलवारीने, अर्धमेला लढतो आणि शेवटच्या राक्षसापुढे नेमाने मरतो. एरवीही पाण्याच्या भांड्यांबाबत त्या विक्षिप्तच. मेसचा माठ त्या स्वतः भरतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

राक्षस मेला की सगळ्या मेसला गुलाबजाम, असं त्यांनी जाहीर केलं होतं. पोरं वाट बघून थकली. शेवटी एका रविवारी, मावशी बाजारात गेल्या असताना, किनवटच्या माधवने पुढाकार घेतला. सबंध राज्यातले रांजण फोडले, औषध जमवलं, वीराला नवी तलवार घेतली आणि त्याला राक्षसाच्या दारात नेऊन उभं केलं. आता मावशींनी एक घाव घालायचा, की गुलाबजाम!

मावशी आल्या, खुर्चीत बसल्या आणि वीराला मागे फिरवून घराघरांतून नेऊ लागल्या. सगळीकडे खापरं. त्यांनी माउस सोडला. उठून अंगणात जाऊन बसल्या. मी मागोमाग गेलो आणि शहाण्यासारखं म्हणालो, “मावशी, खेळच आहे तो.”

“आमचं गाव औशाच्या अंगाला, सर,” त्या म्हणाल्या. “भूकंपात घर बसलं. दगडाखालून धड असं काहीच निघालं न्हाई. माझी मंदा गेली. पाचवीला व्हती. अन् रांजण तेवढा साबूत. तोंडापर्यंत भरलेला. मला असा राग आला! माझी लेक गेली अन् तू कामून राहिलास? उचलला दगड अन् घातला त्याच्यावर. समदं पाणी मातीत गेलं. मंग ध्यानात आलं, आदल्या सांजंला तिनंच भरलं व्हतं ते. तिच्या हातचं तेवढंच राहिलं व्हतं. ते बी म्याच सांडलं.”

इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं, पण मंदाचं नावही मला माहीत नव्हतं. दारात माधव माफी मागायला येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

“मावशी,” तो चाचरत म्हणाला, “पयल्यापासून लावू का? समदे रांजण परत येतेत.”

“खरंच येतेत?”

“हाव.”

मावशी आत आल्या. पहिलं गाव, पहिलं घर, दाराशी भरला रांजण. त्यांनी वीराला तिथे नेऊन उभं केलं. मागून दोन लाल भुतं आली आणि त्याला बडवू लागली. पोरं ओरडली, “मारा ना, मावशी!”

“थांबा रे. टेकू द्या जरा त्याला.”

राक्षस अजून जिवंत आहे. त्याच्या मरणाची वाट न बघता गुलाबजाम पुढच्याच रविवारी झाले. आणि मेसचा माठ आता रोज संध्याकाळी पोरं भरतात. मावशींनी त्यांना एकदाही अडवलं नाही. पोळ्या लाटायला बसण्याआधी त्या त्यातलं तांब्याभर पाणी पितात आणि ज्याने भरलं असेल त्याच्याकडे बघून म्हणतात, “लई गार हाय.”