मोहितेकाका आणि चुकलेला थ्रो

मी घरी वर्तमानपत्र लावलेलं नाही, तरी आठवड्यातले चार-पाच दिवस ते येतंच. ही कृपा समोरच्या फ्लॅटमधल्या मोहितेकाकांची. निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत पेपरवाला खालूनच त्यांच्या गॅलरीत पेपर भिरकावतो, अर्थात एका हाताने. की वाजलीच काकांची शिट्टी! "थ्रो चुकीचा! बॉल समोरच्यांचा!" असं ओरडून ते स्वतःचा पेपर माझ्या दारात आणून ठेवतात. आणि तासाभराने "सुधाबेन, वाचून झाला का?" म्हणत मागायलाही येतात. आता बोला!

काका गोरव्याच्या एका कारखान्यात फिटर होते, आणि रविवारी मैदानावर फुटबॉलचे रेफरी. नोकरी सुटली, शिट्टी काही सुटली नाही. पण ऑफसाइड, पेनल्टी वगैरे भानगडीत त्यांना फारसा रस नाही. सगळा जीव त्या थ्रो-इनमध्ये. बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेला की हाताने आत टाकायचा. दोन्ही हातांनी, डोक्याच्या मागून आणून डोक्यावरून, आणि दोन्ही पाय रेषेवर नाहीतर बाहेर, जमिनीला टेकलेले. टाच उचलली तर चालते, अख्खा पाय उचलायचा नाही. "एवढंसं काम, तेही लोकांना जमत नाही, बरोबर ने?" असं ते मला विचारतात, आणि मी पोळ्या लाटता लाटता मान डोलावते.

थ्रो चुकला की पुन्हा घ्यायला मिळत नाही, तो समोरच्या संघाला जातो. हौशी सामन्यात बाकीचे रेफरी कानाडोळा करतात. काका? नाव काढू नका. इथले गुजराती खेळाडू हात जोडून "काका, जवा दो ने, जाऊ द्या ना!" म्हणतात, पण काकांचा हात केव्हाच पलीकडच्या दिशेला गेलेला असतो. पाव सेकंदात निकाल!

मागे नागरवाड्यात एका लग्नाला आम्ही एकत्र गेलो होतो. मंगलाष्टकं चालली होती, सगळे आपले चिमटीने अक्षता टाकत होते. काकांनी दोन्ही मुठी भरल्या, हात डोक्यामागे नेले, पाय रोवले आणि "सावधान" झाल्याबरोबर अशा काही फेकल्या, की निम्म्या भटजींच्या उघड्या तोंडात. भटजी पुढचं कडवं खोकतच म्हणाले. काकांच्या सौ. शालनकाकू पदरात तोंड लपवून बसल्या आणि काका मला सांगत होते, "नियमात होता हं थ्रो."

असं मी त्यांना खूप हसते. पण वृंदाचा विषय निघाला की मला हसू येत नाही.

वृंदा ही त्यांची एकुलती एक मुलगी. वाघिणीसारखी खेळायची! शाळेत असताना तिचा संघ अंतिम सामन्यात पोचला. नेमलेले रेफरी आयत्या वेळी आलेच नाहीत, म्हणून काकांना उभं केलं. शेवटची दोन-तीन मिनिटं, बरोबरी, आणि वृंदाचा थ्रो. मागचा पाय उचलला गेला. काकांनी शिट्टी वाजवली, बॉल समोरच्यांना दिला आणि त्यावरूनच गोल झाला. पोरीने घरी येऊन बूट माळ्यावर टाकले ते टाकलेच. बापाशी बोलणंही तिथेच थांबलं. आता ती पुण्याला खेळाची शिक्षिका आहे. दर रविवारी तिचा फोन येतो, पण काकूंना. "त्यांना विचार, गोळ्या घेतात का," असं ती म्हणते, आणि 'ते' शेजारीच झोपाळ्यावर बसून कान देऊन ऐकत असतात.

एकदा मी न राहवून विचारलं, "काका, दिला असता सोडून तर काय बिघडलं असतं?"

"पाय उचलला होता, बेन," ते म्हणाले. मग शिट्टी खिशात ठेवत, "पण आवाज ऐकावासा वाटतो हो तिचा. 'बाबा' म्हणून."

गेल्या रविवारची गोष्ट. काकू देवळात गेल्या होत्या, मोबाइल घरीच. काका तो वाजणारा फोन दोन्ही हातांत धरून माझ्या दारात आले. "वृंदाचा आहे. तुम्ही घ्या. मी घेतला तर ठेवून देईल."

मी घेतला. व्हिडिओ कॉल होता. मागे मैदान, समोर उन्हाने रापलेली वृंदा. "सुधामावशी, तुम्ही? आई नाही का?" असं म्हणून ती जरा घुटमळली. "बाबा आहेत? त्यांनाच विचारायचंय. माझ्या संघातल्या एका मुलीचा थ्रो रेफरी दर वेळी चुकीचा देतात. मला काही समजत नाहीये."

मी फोन काकांसमोर धरला. ते ताठ उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं. पलीकडे त्या मुलीने थ्रो टाकला. अहो, मागचा पाय चांगला वीतभर उचललेला! माझ्यासारख्या पोळ्या लाटणारीलाही दिसला.

काका म्हणाले, "नीट दिसलं नाही. पुन्हा टाकायला सांग."

पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

"ऊन येतंय ग मध्ये. अजून एकदा."

असं पाच वेळा झालं. काकांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"बाबा, अजून नाही दिसलं?"

"नाही ग बेटा. अजून एकदाच."

वृंदा फोनमधून त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सावकाश बघा, बाबा. मी फोन ठेवत नाहीये."